तेरा सामन्यांची आघाडी

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा विजेत्यांचा इतिहास लिहितात. कोणी किती धावा काढल्या, कोणी कोणास केव्हा जिंकले, ह्यांची टिपणे पिढ्यानुपिढ्या जपली जातात. परंतु मैदानाच्या कठड्याबाहेर बसून, किंबहुना मैदानापासून कोसभर दूर आपल्या घराच्या पायऱ्यांवर बसून, ज्यांनी तो खेळ आपला मानला त्यांची नोंद क्वचितच होते. १९५१ सालच्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत न्यूयॉर्क शहरातील दोन बेसबॉल संघांमध्ये जी शर्यत झाली, तिचा इतिहास मात्र ह्या लोकांना वगळून सांगताच येत नाही. ती शर्यत खेळली काही डझन खेळाडूंनी. पण जगली ती लक्षावधी माणसांनी.

बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणून ओळखला जातो. क्रिकेटचा परिचय असलेल्या श्रोत्यास तो समजावयास कठीण नाही. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू असतात आणि प्रत्येक बाजूचे नऊ छोटे डाव होतात. तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाजाने चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला तर ती होम रन होते, आणि त्या वेळी निरनिराळ्या बेसवर उभे असलेले त्याचे सोबतीही धाव पुरी करून घेतात. त्या काळी नॅशनल लीग व अमेरिकन लीग अशा दोन संघटना होत्या. प्रत्येकीत आठ संघ असत आणि प्रत्येक संघ एप्रिलपासून सप्टेंबरअखेर १५४ सामने खेळे. लीगमध्ये जो पहिला येईल त्यास पेनंट, म्हणजे विजयाचे निशाण, मिळे; आणि दोन्ही लीगचे विजेते ऑक्टोबरात जागतिक मालिकेसाठी एकमेकांशी झुंजत. दुसऱ्या क्रमांकास काहीही मिळत नसे.

अशा दीर्घ स्पर्धेत कोण किती पुढे हे ‘सामन्यांच्या आघाडी’ने मोजतात. पुढचा संघ हरला आणि त्याच दिवशी मागचा जिंकला की अंतर एका सामन्याने घटते. ह्यामुळे सप्टेंबर महिना उजाडला की रसिकाचे लक्ष एकाच वेळी दोन मैदानांकडे लागते. आपला संघ जिंकावा एवढी प्रार्थना त्यास पुरत नाही. दुसऱ्याने हरावे अशीही एक प्रार्थना करावी लागते. सभ्य गृहस्थास एरवी न शोभणारी ही इच्छा त्या महिन्यात त्याच्या दिनक्रमाचाच भाग होऊन बसते.

ह्या कथेतील दोन संघ म्हणजे ब्रुकलिनचे डॉजर्स आणि न्यूयॉर्कचे जायंट्स. दोघेही एकाच नॅशनल लीगमधले, दोघेही एकाच शहरातले. पण ‘एकाच शहरातले’ हे शब्द ब्रुकलिनच्या माणसास मुळीच मान्य होण्यासारखे नव्हते. १८९८ सालच्या १ जानेवारीपर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते. त्या दिवशी ते विशाल न्यूयॉर्कमध्ये सामील झाले आणि त्याचे स्वतंत्र नगरपालिकेचे वैभव संपले. १९५० सालच्या खानेसुमारीत त्याची वस्ती सत्तावीस लाखांहून अधिक भरली. तरीही नकाशावर ते न्यूयॉर्कचा एक विभागच होते. ज्या थोड्या ठिकाणी त्याचे नाव इतर महानगरांच्या बरोबरीने छापले जाई, त्यांपैकी एक म्हणजे वर्तमानपत्रातील बेसबॉलचा तक्ता. बोस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया, सेंट लुई ह्यांच्या पंक्तीस तेथे ‘ब्रुकलिन’ हा शब्द रोज सकाळी दिसे. हरवलेल्या शहराचे नाव ज्या संघाने जिवंत ठेवले, त्यावर त्या वस्तीने जीव टाकला ह्यात नवल ते काय?

संघाचे नावही तेथल्याच रस्त्यांतून आले होते. भरधाव ट्रॉलीगाड्यांना चुकवीत रस्ता ओलांडणारे लोक, म्हणून ‘डॉजर्स’. त्यांचे एबेट्स फील्ड हे मैदान १९१३ साली भर वस्तीत बांधलेले, लहानसे, सुमारे बत्तीस हजार माणसांचे होते. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गाईच्या गळ्यातली भली मोठी घंटा घेऊन तेथे बसे आणि ती घणघणवून खेळाडूंस चेव आणी. काही हौशी वादकांचा एक बेसूर ताफा प्रेक्षकांतून हिंडत वाद्ये वाजवी. उलट, जायंट्सचे पोलो ग्राउंड्स हे मॅनहॅटनच्या उत्तर भागात, हार्लेमच्या कडेस, एका टेकाडाच्या पायथ्याशी होते. जायंट्सना जुन्या विजयांचा दिमाख होता. डॉजर्सना जुन्या पराजयांचा.

हे पराजय साधे नव्हते. १९४१, १९४७ आणि १९४९ ह्या तिन्ही वर्षी डॉजर्सनी पेनंट मिळविले आणि तिन्ही वेळा जागतिक मालिकेत न्यूयॉर्कच्याच यांकी संघाने त्यांस हरविले. १९४६ साली ते सेंट लुईच्या बरोबरीने पहिले आले आणि निर्णायक सामन्यांत हरले. १९५० साली तर हंगामाच्या अगदी अखेरच्या दिवशी, फिलाडेल्फियाच्या एका फलंदाजाच्या दहाव्या डावातील होम रनने त्यांचे पेनंट गेले. ‘थांबा, पुढच्या वर्षी पाहा!’ हे वाक्य ब्रुकलिनमध्ये एखाद्या म्हणीसारखे झाले होते. विलर्ड मलिन नावाच्या व्यंगचित्रकाराने ह्या संघास फाटक्या कपड्यांतील भणंगाचे रूप दिले, आणि ब्रुकलिनकरांनी त्याचा राग न मानता तो भणंग आपलासा केला.

ह्या प्रेमास १९४७ पासून आणखी एक धार आली. त्या वर्षी १५ एप्रिल रोजी जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि कृष्णवर्णीयांस वरिष्ठ लीगमधून दूर ठेवणारी कित्येक दशकांची अलिखित बंदी मोडली. प्रतिपक्षाच्या शिव्यांना त्याने खेळाने उत्तर दिले. १९४९ साली जायंट्सनीही मॉन्टी आयर्विन व हँक थॉम्पसन ह्यांस घेतले, आणि १९५१ च्या मे महिन्यात विली मेज हा वीस वर्षांचा तरुण त्यांत येऊन मिळाला. डॉजर्स आणि जायंट्स ह्यांच्यातील झुंज ही अशा रीतीने अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातील एका मोठ्या बदलाची चाचणीही होती, आणि ती लोकसभेत नव्हे तर मैदानावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर चालली होती.

सर्वांच्या डोळ्यांसमोर म्हणण्यापेक्षा सर्वांच्या कानांसमोर म्हणणे अधिक बरोबर होईल. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ ते १९३८ पर्यंत रेडिओवरील वर्णनास आपसांत करार करून बंदी घातली होती. घरी बसून फुकट ऐकावयास मिळाले तर तिकिटे कोण घेणार, अशी त्यांना भीती होती. १९३९ साली ब्रुकलिनच्या चालकांनी ती बंदी झुगारली आणि रेड बार्बर नावाचा निवेदक आणला. हा गृहस्थ दक्षिणेकडचा, शांत आवाजाचा. आताच रेडिओ लावणाऱ्यास धावसंख्या कळावी म्हणून तो जवळ तीन मिनिटांचे वाळूचे घटिकायंत्र ठेवी. वाळू संपली की धावसंख्या सांगून ते उलटे करी. महत्त्वाच्या क्षणी स्वतः गप्प राहून प्रेक्षकांचा कल्लोळ ऐकू द्यावा, अशी त्याची रीत होती. उन्हाळ्याच्या दिवसांत खिडक्या उघड्या असत. ब्रुकलिनच्या रस्त्याने चालत गेले तरी एकही चेंडू चुकत नसे, असे तेव्हाचे लोक सांगत. पुढे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आलेली डोरिस कर्न्स गुडविन ही त्या वेळी आठ वर्षांची मुलगी होती. लाँग आयलंडवरील आपल्या घरी दुपारी रेडिओ ऐकून ती वहीत प्रत्येक चेंडूची नोंद करी, आणि संध्याकाळी वडील कामावरून परतले की त्यांस सबंध सामना सांगे. तिला इतिहासकथनाचा पहिला धडा असा बेसबॉलने दिला.

१९५१ चा हंगाम जायंट्सना फार वाईट सुरू झाला. एप्रिलमध्येच ते लागोपाठ अकरा सामने हरले. ११ ऑगस्टच्या रात्री तक्ता असा होता: डॉजर्सचे ७० विजय व ३६ पराजय, जायंट्सचे ५९ विजय व ५१ पराजय. तेरा सामन्यांची आघाडी! उरलेल्या सात आठवड्यांत ती भरून निघेल असे कोणत्याही शहाण्या माणसाने म्हटले नसते. जायंट्सचा काटा निघाला, अशा अर्थाचे उद्गार डॉजर्सचे व्यवस्थापक चार्ली ड्रेसेन ह्यांनी काढल्याचे सांगतात. जायंट्सचे व्यवस्थापक लिओ ड्युरोचर हे तर तीन वर्षांपूर्वीपर्यंत डॉजर्सचेच व्यवस्थापक होते. ब्रुकलिनच्या दृष्टीने ते फितूरच.

१२ ऑगस्टपासून जायंट्स जिंकू लागले आणि २७ तारखेपर्यंत लागोपाठ सोळा सामने जिंकले. येथून पुढची आकडेवारी लक्षात घेण्यासारखी आहे. ११ ऑगस्टनंतर डॉजर्सनी उरलेल्या ४८ सामन्यांपैकी २६ जिंकले व २२ गमावले. म्हणजे ते कोसळले असे जे पुष्कळदा म्हटले जाते ते तितकेसे खरे नाही. ते निम्म्याहून अधिक सामने जिंकतच होते. परंतु जायंट्सनी ४४ पैकी ३७ जिंकले. रोज संध्याकाळी ब्रुकलिनचा माणूस तक्ता पाही आणि आपला संघ काल होता तेथेच उभा आहे, पण मागून पावले वाजत आहेत, असा त्यास भास होई. आघाडीवर असलेल्याचे दुःख ते हेच. मागच्याला गमावण्यासारखे काही नसते. पुढच्याचा प्रत्येक दिवस गमावण्याचाच असतो.

३० सप्टेंबर, हंगामाचा अखेरचा दिवस. दोन्ही संघ आता बरोबरीत आले होते. जायंट्सनी बोस्टन येथे ३ विरुद्ध २ असा विजय मिळविला व ते न्यूयॉर्कच्या आगगाडीत बसले. इकडे फिलाडेल्फियात डॉजर्स १ विरुद्ध ६ असे मागे पडले होते. मागल्या वर्षी ज्यांनी पेनंट हिरावले तेच प्रतिस्पर्धी, तोच अखेरचा दिवस! हळूहळू त्यांनी बरोबरी साधली आणि सामना नऊ डावांपलीकडे गेला. बाराव्या डावात तिन्ही बेसवर फिलाडेल्फियाचे खेळाडू उभे असताना सणसणत आलेला चेंडू रॉबिन्सनने अंग झोकून झेलला, आणि चौदाव्या डावात त्यानेच होम रन मारून ९ विरुद्ध ८ असा सामना जिंकून दिला. दोन्ही संघांचे ९६ विजय, ५८ पराजय. तेरा सामन्यांच्या आघाडीतून शिल्लक राहिले ते शून्य.

नियमाप्रमाणे तीन जादा सामने ठरले. पहिला १ ऑक्टोबर रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. त्यात जायंट्सनी ३ विरुद्ध १ असा विजय मिळविला. बॉबी थॉमसन ह्याने राल्फ ब्रँका ह्या पिचरच्या चेंडूवर होम रन मारली होती. दुसऱ्या दिवशी पोलो ग्राउंड्सवर डॉजर्सनी १० विरुद्ध ० अशी परतफेड केली. देशाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत एकाच वेळी टेलिव्हिजनवर दिसलेले हे पहिले बेसबॉल सामने होत. तरीही ३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यास मैदानात ३४,३२० प्रेक्षकच होते. हजारो जागा रिकाम्या होत्या. बुधवारची दुपार होती. लोक कचेऱ्यांत, दुकानांत, कारखान्यांत आणि शाळांत होते आणि जेथे असतील तेथून कान देऊन ऐकत होते.

नवव्या डावाच्या उत्तरार्धास डॉजर्स ४ विरुद्ध १ असे पुढे होते. पेनंटला तीन गडी हवे होते. थकलेल्या डॉन न्यूकोमच्या चेंडूंवर जायंट्सच्या दोघांनी बेस गाठले. एक गडी बाद झाला. पुढच्याच्या फटक्याने एक धाव आली. ४ विरुद्ध २. ड्रेसेन ह्यांनी न्यूकोमला काढून ब्रँकास बोलाविले. समोर थॉमसन. त्याच्या मागे, आपली पाळी येऊ नये अशी मनातल्या मनात विनवणी करीत, विली मेज थांबला होता. पहिला चेंडू थॉमसनने सोडला. दुसरा त्याने डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. जायंट्स ५, डॉजर्स ४.

त्या क्षणी जायंट्सचा निवेदक रस हॉजेस हा ‘जायंट्सनी पेनंट जिंकले’ हे एकच वाक्य चार वेळा ओरडला. बार्बरला ही पद्धत पसंत पडली नाही. निवेदकाने स्वतः प्रेक्षक होऊ नये असे त्याचे मत होते. पण काळाने हॉजेसचाच आवाज राखला, आणि तोही एका रसिकामुळे. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या त्या गृहस्थास दुपारी कामावर जावयाचे होते, म्हणून त्याने आईस घरच्या ध्वनिमुद्रण-यंत्राची कळ दाखवून ठेवली होती. आज तो आरडाओरडा जगास ऐकू येतो तो त्या माउलीने वेळेवर कळ दाबली म्हणून.

सोव्हिएत रशियाने दुसरा अणुस्फोट केल्याची वार्ता अमेरिकन सरकारने त्याच दिवशी जाहीर केली होती. दोन्ही बातम्या एकाच सकाळी वर्तमानपत्रांत झळकल्या. मोठ्या भयाच्या सावलीत माणसे लहान गोष्टींस घट्ट धरून राहतात, हे ह्यावरून दिसते. आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.

पुढे काय झाले? जायंट्स जागतिक मालिकेत यांकींकडून हरले. ब्रुकलिनने आणखी चार वर्षे वाट पाहिली आणि १९५५ च्या ४ ऑक्टोबर रोजी, सातव्या सामन्यात यांकींना २ विरुद्ध ० असे नमवून, डॉजर्सनी आपले पहिले जागतिक अजिंक्यपद मिळविले. ‘पुढचे वर्ष’ अखेर आले. पण त्या आनंदास दोनच वर्षांचे आयुष्य होते. मालक वॉल्टर ओमॅली ह्यांस ब्रुकलिनच्या मध्यभागी नवे मैदान बांधावयाचे होते. शहराच्या बांधकामांवर ज्यांची सत्ता चाले त्या रॉबर्ट मोझेस ह्यांनी ती जागा देण्यास नकार देऊन क्वीन्स विभागातील जागा पुढे केली. दोघांचे जुळले नाही. १९५७ च्या हंगामात डॉजर्सच्या मैदानावर दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते; तरीही ओमॅली ह्यांनी संघ लॉस एंजेलिसला नेला. जायंट्स त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला गेले. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरील शेवटच्या सामन्यास सात हजारही माणसे नव्हती. १९६० साली ते मैदान पाडून तेथे राहत्या इमारती उठल्या. १९६४ साली पोलो ग्राउंड्सचीही तीच गत झाली.

संघ कोणाचा, हा प्रश्न ह्या घटनेने उघडा पाडला. कायद्याच्या दृष्टीने तो मालकाचा होता आणि त्याने आपली मालमत्ता तीन हजार मैल हलविली, एवढेच. ब्रुकलिनच्या घराघरांतून ज्या प्रेमाने ती मालमत्ता मौल्यवान केली होती, त्याची कोणत्याही दस्तऐवजात नोंद नव्हती. संघाने लोकांचा शब्द मोडला असे म्हणता येत नाही. कारण शब्द कोणी दिलाच नव्हता. लोकांनीच तो गृहीत धरला होता. १८९८ साली नगरपालिका गेली तेव्हा मतदान तरी झाले होते. १९५७ साली तेवढेही झाले नाही.

आणि मग २००१ साली त्या विजयावरही डाग पडला. जोशुआ प्रेगर ह्या पत्रकाराने प्रसिद्ध केले, आणि पुढे सविस्तर ग्रंथात मांडले, की १९५१ च्या जुलैपासून जायंट्स आपल्या मैदानाच्या मध्यभागामागील खोलीतून दुर्बिणीने प्रतिपक्षाच्या खुणा पाहत, आणि विजेच्या घंटेने त्या आपल्या माणसांस कळवीत. पुढचा चेंडू कोणत्या प्रकारचा येणार हे फलंदाजास आधी समजे. त्या एका चेंडूच्या वेळी आपण खूण घेतली नव्हती, असे थॉमसन अखेरपर्यंत सांगत राहिला. ब्रँकास ही गोष्ट १९५४ मध्येच एका सोबत्याकडून कळली होती. पण सबब सांगणारा म्हणून लोकांनी ओळखू नये म्हणून तो जवळजवळ अर्धशतक मौन राहिला, आणि ज्याने आपल्यास हरविले त्या थॉमसनचा मित्र झाला. थॉमसन २०१० साली वारला, ब्रँका २०१६ साली.

दुर्बिणीने ते पेनंट जिंकले काय? न्यायबुद्धीने पाहिल्यास दोन्ही बाजू दिसतात. बोस्टनमधील अखेरचे विजय आणि ब्रुकलिनमधील पहिला जादा सामना जायंट्सनी परक्या मैदानावर, दुर्बिणीवाचून जिंकला; आणि दुर्बीण हाताशी असलेल्या आपल्या मैदानावर ते दुसऱ्या दिवशी दहा धावांनी हरले. परंतु ज्या शर्यतीत दोन संघांमध्ये एका सामन्याचेही अंतर राहिले नाही, तीत चोरलेली एखादी खूणही निर्णायक ठरू शकते, हेही नाकारता येत नाही.

तेव्हा ब्रुकलिनच्या रसिकाकडे काय उरले? पेनंट गेले, संघ गेला, मैदान गेले आणि पराजयाची सचोटीही संशयित झाली. तरीही १९५१ च्या त्या सात आठवड्यांवर त्याचा हक्क कोणी काढून घेऊ शकले नाही. बाप आणि मुलगी ह्यांनी संध्याकाळी एकत्र वाचलेली वही, शेजाऱ्याच्या खिडकीतून ऐकलेली धावसंख्या, अनोळखी माणसास वाटेत थांबवून विचारलेला ‘जायंट्सचे काय झाले?’ हा प्रश्न: ह्या गोष्टी मालकाच्या नव्हत्या, म्हणून त्यास त्या पश्चिमेस नेता आल्या नाहीत. निकाल संघाचा असतो. वाट पाहणे मात्र सर्वस्वी रसिकांचे असते, आणि त्यानेच एका विभागातील परक्या माणसांस काही काळ शेजारी केले.

१९६२ साली कॅलिफोर्नियात हे दोन संघ पुन्हा बरोबरीत आले, पुन्हा तीन जादा सामने झाले, आणि पुन्हा ३ ऑक्टोबरलाच जायंट्सनी नवव्या डावात चार धावा काढून डॉजर्सना हरविले. न्यूयॉर्कला त्याच वर्षी नवा संघ मिळाला. त्याने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी असे दोन्ही रंग उचलले आणि पहिली दोन वर्षे तो पोलो ग्राउंड्सवरच खेळला. त्या मैदानाच्या जागी आज उंच इमारती आहेत. टेकाडावरून खाली मैदानाकडे उतरणारा १९१३ सालचा एक जुना जिना मात्र शहराने दुरुस्त करून राखला आहे. खाली उतरून पाहावे असे आता तेथे मैदान नाही. तरी माणसे तो जिना पाहावयास येतात.